वरचे सव्वीस ग्रॅम

सासूबाईंनी चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं आणि त्या चाळीस वर्षांत त्यांच्या वजनाबद्दल कुणी ब्र काढला नाही. ही गोष्ट सुनेला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवण्यात आली होती. पुढच्या बारा वर्षांत ती आणखी किती वेळा ऐकवली गेली, याची मोजदाद मात्र कुणी ठेवलेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचा निघाला आणि दुकानांची अख्खी ओळ पडली. सासूबाईंनी सामान विकलं, फळ्या विकल्या, तराजूसुद्धा विकला. पितळेची वजनं तेवढी रुमालात बांधून घरी आणली, कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आणि त्या खिडकीशी जाऊन बसल्या. बसल्या त्या बसल्याच. जेवायला हाक मारली की उठायच्या, जेवल्या की परत खिडकी. चाळीस वर्षं ज्या बाईला दुपारी पाठ टेकायला फुरसत नव्हती, तिला आता दिवसभर येणारेजाणारे मोजण्यापलीकडे काम उरलं नव्हतं. सुनेला ते बघवत नसे. पण करायचं काय, तेही सुचत नसे.

सून घरच्या घरी कॉफी भाजायची. तीन वर्षांपूर्वी नुसती हौस म्हणून सुरू झालं होतं. आधी कढईत भाजली आणि घरभर धूर केला. मग हाताने फिरवायचा जाळीचा डबा आणला, मग तापमापक आणला, मग एक वही केली, आणि वही आली तेव्हा तिच्या नवऱ्याने ओळखलं की ही हौस राहिलेली नाही. नवरा स्वभावाने गरीब. तो चहा पिणारा होता, पण तीन वर्षं मुकाट्याने कॉफी पीत होता.

आणि मग गावाबाहेरच्या कॉफीच्या कारखान्यात भट्टीवर माणूस हवंय अशी खबर आली. सुनेने अर्ज केला. लग्नानंतर घराबाहेरच्या कुठल्याही गोष्टीसाठी तिचा जीव इतका टांगणीला लागला नव्हता. तिथल्या मुख्य भट्टीवाल्या बाईंनी आठ जणांना बोलावलं, प्रत्येकाच्या हातात एक किलो हिरव्या बियांची पिशवी आणि एक छापील कागद ठेवला, आणि आठ दिवसांची मुदत दिली.

"दर वेळी दोनशे ग्रॅम भाजायचं," बाई म्हणाल्या. "भाजताना बीमधलं पाणी जातं, फोलपट जातं, वजन घटतं. मला घट पंधरा टक्के हवी. वेगवेगळ्या दिवशी, निदान तीनदा, सारखी. अर्ध्या टक्क्याचा फरक चालेल, जास्त नाही. जेवढ्या वेळा भाजाल तेवढ्या सगळ्या पुड्या आणायच्या आणि सगळे आकडे कागदावर हवेत. एकदा बरी कॉफी कुणालाही जमते. मला तीच परत करून दाखवणारं माणूस पाहिजे."

सून घरी आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. घट हा शब्द कानावर पडताच सासूबाईंनी खिडकीकडची मान वळवली.

"घट मला नको शिकवूस. शेंगदाण्याच्या पोत्यात उन्हाळ्यात किती घट येते, ते मी नुसतं पोतं बघून सांगायचे. वजन कोण करणार?"

सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "तुम्ही कराल, आई?"

"मग काय तू करणार?" सासूबाई उठल्या.

असं काम ठरलं. कच्च्या बियांचं वजन सासूबाईंकडे, भाजणं आणि नंतरचं वजन सुनेकडे. सासूबाईंनी चष्मा पुसला. सुनेचा नवा विजेवरचा काटा त्यांनी आधी संशयाने न्याहाळला, मग खणातून दोनशेचं पितळी वजन काढून त्याच्यावर ठेवलं. पडद्यावर दोनशे आलं, पुढे शून्यासकट. "बरा आहे," त्या म्हणाल्या. सुनेला हे इतकं आवडलं की तिने ते वजन काट्याशेजारीच राहू दिलं.

पहिल्या दिवशी सुनेने गॅस पेटवला, डबा तापवला. सासूबाईंनी वाटीत बिया मोजल्या, डब्यात ओतल्या. सून डबा फिरवत राहिली. बिया पिवळ्या झाल्या, तांबूस झाल्या, पहिली तडतड सुरू झाली, त्यानंतर तिने घड्याळ लावलं आणि नाकाला पटलं तेव्हा गॅस बंद केला. बिया चाळणीत ओतल्या, पंख्याखाली गार केल्या, फोलपटं फुंकून उडवली. गरम असताना वजन करायचं नाही हे तिला ठाऊक होतं. गरम भांड्यावरची हवा काट्याला हलवते. डब्याच्या जाळीत अडकलेल्या तीन बिया तिने सुईने काढून घेतल्या. एवढं सगळं करून काट्यावर ठेवलं तर आले एकशे पंचाहत्तर.

म्हणजे घट साडेबारा टक्के. हवी होती पंधरा.

"कच्ची राहिली," सून म्हणाली. पण रंग कच्चा नव्हता. वास कच्चा नव्हता. वहीत तिने यापूर्वी पन्नास वेळा पंधरा टक्के लिहिलं होतं, तेव्हा असाच रंग आणि असाच वास होता. मात्र आकड्यापुढे कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. तरी उभी राहिली. कपाळाला घट्ट फडकं बांधून तिने अर्धं मिनिट जास्त भाजलं. बिया काळसर झाल्या, कडवट वास सुटला. काटा म्हणाला एकशे साडेचौऱ्याहत्तर. घट पावणेतेरा. अर्धं मिनिट जास्त भाजून फरक कसला पडला, तर अर्ध्या ग्रॅमचा! सुनेने कपाळावर हात मारला, आणि डोकं दुखत असल्यामुळे तो चांगलाच लागला.

रात्रभर विचार करून ती तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आली, तर तिथलं जगच बदललेलं. सासूबाईंनी पहाटे उठून सगळे डबे दुकानासारखे लावले होते. मोठे मागे, छोटे पुढे, चिठ्ठ्या सगळ्या समोर. वही कुठे दिसेना, तापमापक कुठे दिसेना. तापमापक शेवटी चमच्यांच्या डब्यात सापडला, आणि सुनेच्या तोंडून निघून गेलं,

"आई, हे तुमचं दुकान नाहीये! माझं स्वयंपाकघर आहे!"

शब्द बाहेर पडला आणि तिला स्वतःलाच टोचला. पण आता तो परत गिळता येणार नव्हता. सासूबाई काट्यापाशी गेल्या, दोनशे मोजले, डब्यात ओतले आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सुनेने पहिल्या दिवसाची वेळ पाळून डबा फिरवला. गार करून वजन केलं.

एकशे सत्तर. अगदी एकशे सत्तर. पंधरा टक्के.

इतका आनंदाचा आकडा आणि सांगायला घरात माणूस नाही. नवरा कामावर गेलेला, लेक शाळेत, आणि ज्यांना आधी सांगायचं त्यांचं दार बंद.

चौथ्या दिवशी सुनेने माफी मागितली नाही. या घरात तशी पद्धतच नव्हती. तिने सकाळी सगळ्यात आधी सासूबाईंना कॉफी करून दिली. सासूबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे." भांडण मिटलं. डबे दुकानासारखेच राहिले. सासूबाई परत काट्याशी उभ्या राहिल्या, सुनेने कालचीच आच, कालचीच वेळ, सेकंद न् सेकंद जुळवला. बियांचा रंग कालचाच आला, वासही कालचाच. ती वजन करताना चक्क गुणगुणत होती.

एकशे एकोणऐंशी पॉइंट तीन.

घट दहाच्या थोडी वर.

सून खाली फरशीवरच बसली. एकच बी, एकच आच, एकच हात, आणि घट कधी दहा, कधी पंधरा. कारखान्यात हे कागद दाखवायचे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव खोडण्यासारखं होतं.

"लिहून टाक ना सगळीकडे पंधरा," नवरा संध्याकाळी म्हणाला. "कोण बघायला आलंय?"

"त्या बाई पिऊन बघणार आहेत."

"पिऊन टक्के कळतात?"

"मला कळतात," सून म्हणाली, आणि म्हणता म्हणता गप्प झाली. कारण पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाची कॉफी तिने प्यायली होती आणि तिच्या जिभेला ती एकच वाटली होती.

मग तिने पिशवी उचलली. किलोच्या पिशवीतून चार वेळा दोनशे गेले, तर उरायला हवे दोनशे. तिने उरलेल्या बिया काट्यावर ओतल्या. एकशे चौऱ्याहत्तर. तिने शेगडी सरकवून पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिलं. दोन बिया सापडल्या, एक कोळी सापडला. सव्वीस ग्रॅम गेले कुठे?

उत्तर पाचव्या दिवशी सकाळी मिळालं. सासूबाई सरबतासाठी पाव किलो साखर मोजत होत्या आणि सून सहज बघत उभी होती. पडद्यावर अडीचशे आले. सासूबाईंनी मान डोलावली, साखर पातेल्यात ओतली, आणि मग, जसं आपण दार लावल्यावर कडी घालतो तसं, त्यांच्या हाताने बरणीत जाऊन बोटांत मावेल तेवढी साखर उचलली आणि वर टाकली. चेहऱ्यावर काही नाही. नजर खिडकीबाहेर.

दुकानात माल पुडीत बांधण्याआधी सासूबाई प्रत्येकाला असं वर टाकायच्या, हे तिने कितीदा पाहिलं होतं. लोक त्यासाठी दोन चौक ओलांडून यायचे. ते वजनात धरलेलं कधीच नसे.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पाच दिवसांत त्यांची पाठ सरळ झाली होती. चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. गेले पाच दिवस त्या खिडकीशी बसल्या नव्हत्या. या बाईला म्हणायचं, तुमचं वजन चुकलं? चाळीस वर्षांत कुणी काढला नाही तो ब्र मी काढू?

"काही नाही. साखर पुरे की," सून म्हणाली.

उरलेल्या बियांत आता काही होणार नव्हतं. एकशे चौऱ्याहत्तर ग्रॅममध्ये दोनशेची एक खेपही बसत नाही, मग पंधरा टक्क्यांच्या आणखी दोन कुठून बसणार! तिने ठरवून टाकलं. कागदावर खरे आकडे जसेच्या तसे द्यायचे आणि विचारलंच तर सांगायचं, वजन मी केलं, माझी चूक झाली. नोकरी जाईल. जाऊ दे. हे ठरवताना तिला रडू आलं, त्याबद्दल तिला लाजही वाटली, पण विचार बदलला नाही.

आठव्या दिवशी ती निघाली तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या.

"तुम्ही कशाला?"

"वजन कुणी केलंय?" सासूबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

कारखान्यात चव घ्यायच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यावर काटा होता, भिंतीशी बाक होतं. सासूबाई बाकावर बसल्या. भट्टीवाल्या बाईंनी चारही पुड्या दळल्या, चार पेल्यांत पाणी ओतलं, थांबल्या, आणि चमच्याने सुर्र सुर्र आवाज करत एकेक चाखत गेल्या. सासूबाईंनी तो आवाज ऐकून तोंड वाकडं केलं. बाई परत फिरल्या, पेल्यांच्या जागा बदलल्या, डोळे मिटून परत चाखलं. मग एक पेला उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या पुडीवरचा दिवस वाचला.

"हा दुसऱ्या दिवशीचा. जास्त भाजलाय. बाकी तिन्ही एकच आहेत, मला वेगळे काढता येत नाहीत." त्यांनी कागद ओढून घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे काय? साडेबारा, पावणेतेरा, पंधरा, दहा? जीभ म्हणते तिन्ही सारखे, कागद म्हणतो कशाचा कशाला मेळ नाही. यातलं खोटं कोण?"

"कागद," सून म्हणाली. "कच्च्या बियांचं वजन चुकलं. दर वेळी दोनशे लिहिलंय, पण दोनशे नव्हते. किलोतून चारदा काढून दोनशे उरायला हवे होते, एकशे चौऱ्याहत्तरच उरले. सव्वीस ग्रॅम जास्तीचे गेले. माझ्या हातून चूक झाली."

"वजन तुम्ही केलं?"

"हो."

बाकावर हालचाल झाली. सुनेने मागे पाहिलं नाही, पण तिला कळलं. चाळीस वर्षं हिशेब केलेल्या डोक्याला सव्वीस ग्रॅमचा अर्थ लागायला किती वेळ लागणार?

"ती खोटं बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. त्या उठून टेबलाशी आल्या. "वजन मी केलं."

"आई, राहू दे."

"का राहू दे? माझ्या हाताचा दोष तू अंगावर घेणार?" त्यांचा आवाज जरासा कापला. मग त्या भट्टीवाल्या बाईंकडे वळल्या. "दोनशे मोजून झाले की मी वर टाकते. दुकानदार आहे मी. बरोबर दोनशे द्यायचे म्हणजे हात आखडल्यासारखं होतं. माप माझं चुकलं. तिचं भाजणं बघा, माझं माप बघू नका."

चाळीस वर्षांत जे कुणी म्हटलं नव्हतं ते त्यांनी स्वतः म्हटलं, तेही एका परक्या बाईसमोर. सुनेला वाटलं, त्यांचा हात धरावा. पण तो हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता.

भट्टीवाल्या बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "वर म्हणजे किती?"

"रोजचं वेगळं."

"मग तर संपलंच. किती ते माहीत नसेल, तर घट कशी काढायची?"

"माहीत नसायला काय झालं?" सासूबाईंचा जुना आवाज परत आला. "हात कुणाचा आहे? पहिल्या दिवशी सहा. दुसऱ्या दिवशी नऊ."

भट्टीवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी हिरव्या बियांची परात आणि काटा पुढे सरकवला. "सहा टाका."

सासूबाईंनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परातीत बोटं घातली, उचललं, टाकलं. सहा पॉइंट एक.

"नऊ."

आठ पॉइंट नऊ.

बाईंनी पेन परत उचललं. "पहिल्या दिवशी दोनशे सहा." त्यांनी हिशेबाच्या यंत्रावर आकडे दाबले. "घट पंधरा. दुसऱ्या दिवशी दोनशे नऊ. साडेसोळा. म्हणजे जास्त भाजली, बरोबर आहे. चौथ्या दिवशी?"

"अकरा."

"दोनशे अकरा. पंधरा." त्या क्षणभर कागदाकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे. "दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच्या नाकाचं सोडून कागदाचं ऐकलंत. बाकी तिन्ही वेळा नाकाचं ऐकलंत. सोमवारपासून या. इथे वजन तुम्ही स्वतः करायचं." आणि त्यांनी पेन सुनेच्या हातात दिलं. "कागद दुरुस्त करून द्या. खरे आकडे मला फायलीत लागतात."

सुनेला पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. मग सोमवार हा शब्द आत उतरला आणि तिने पेन घट्ट धरलं. दोनशे खोडून तिने लिहिलं, दोनशे सहा. खाली दोनशे नऊ. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. सहा आणि नऊ पंधरा, आणि अकरा सव्वीस. हिशेब पुरा झाला होता, वर काही उरत नव्हतं.

"आई, तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी काही नाही."

"का?"

सासूबाईंनी गळ्यातला चष्मा उगाच हातात घेतला. "तू मला दुकानावरून बोललीस ना त्या दिवशी. नुसते दोनशे टाकले आणि गेले."

"आणि दुसऱ्या दिवशी नऊ?"

"डोकं दुखत होतं तुझं. फडकं बांधून उभी होतीस."

चौथ्या दिवसाचं सुनेने विचारलं नाही. साखर कमी आहे म्हणणाऱ्या बाईने त्यानंतर पाच मिनिटांत, खिडकीबाहेर बघत, अकरा ग्रॅम वर टाकले होते. बारा वर्षांत या तोंडून तिने एक गोड शब्द ऐकला नव्हता, आणि त्याचं तिला वाईट वाटायचं. कधी कधी फार वाटायचं. आता कारखान्याच्या छापील कागदावर तिच्या स्वतःच्या अक्षरात आकडे पडले होते आणि तिला ते नीट दिसत नव्हते, कारण डोळे भरून आले होते.

"लिही की," सासूबाई म्हणाल्या. "बाई खोळंबल्यात."

तिसऱ्या ओळीवर दोनशे आधीच बरोबर होते. सुनेने ते तसेच ठेवले.